निदान एकाला माहीत आहे

अमरावतीहून परत आल्यापासून पुण्यात मला दोनच प्रश्न विचारले जातात. ऊन फार होतं का, आणि जेवण तिखट होतं का. जानेवारीत सकाळी स्वेटर लागत होता, हे पहिल्याचं उत्तर. दुसऱ्याचं उत्तर देताना अजून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. पण या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट तिथं घडली, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी तर्कशास्त्र शिकवते. त्यातही माझा कोपरा असा, की ऐकणारा लगेच घड्याळाकडे बघायला लागतो. कोणाला काय माहीत आहे, ते दुसऱ्याला माहीत आहे का, आणि हे सगळं वेळेबरोबर कसं बदलतं, ते चिन्हांत मांडायचं. सोपं करून सांगते. तुम्ही बाहेर जेवून आलात हे सासूबाईंना कळलेलं आहे. त्यांना कळलंय हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही भूक लागल्याचं नाटक करत ताटावर बसता, आणि त्या एक अक्षर न बोलता तुम्हाला पोळीवर पोळी वाढत सुटतात. तिसऱ्या पोळीला तुमची ट्यूब पेटते. कोणी काही सांगितलं नाही, तरी मघाचं अज्ञान आता उरलं नाही. बस, एवढाच माझा विषय. बाकी सगळी चिन्हं.

अमरावती, शुक्रवार

मला बोलावलं होतं प्रज्ञानं. ही माझी जुनी विद्यार्थिनी. पुण्यात माझ्याकडे शिकली, आता अमरावतीच्या एका महाविद्यालयात तासांवर शिकवते. डोकं असं, की मी फळ्यावर चूक केली तर मी वळायच्या आत ती खाकरायची. तिला हॉलंडमधल्या एका विद्यापीठात याच विषयात संशोधनाची जागा मिळाली होती. शिफारस माझीच. होकार कळवायची मुदत रविवारी संध्याकाळपर्यंत होती, आणि मी मनातल्या मनात तिला निरोप द्यायलाच निघाले होते.

उतरले तिच्या घरीच. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. आई काही वर्षांपूर्वी गेली. वडील, सुखदेवभाऊ, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर भोंग्यातून जो आवाज येतो ना, 'प्रवाशांनी लक्ष द्यावे', तो यांचा. निवृत्त झाले तरी आवाज तसाच आहे. चहा घेताना म्हणाले, "मॅडम, गाडीवर पाटी रायते. सगळे वाचते. पण उठत कोणी नाई. दुसरा उठला का मंग मी उठतो, असं. म्या बोललो का अख्खा फलाट एकदम उठे!"

"म्हणजे तुम्ही नवं काही सांगायचाच नाहीत," मी म्हणाले.

"काईच नाई! तरी पगार भेटे," म्हणाले, आणि खदाखदा हसले. मला हा गृहस्थ तिथल्या तिथं आवडला.

दारात एक कुत्रं पसरलेलं होतं. चांगलं गुबगुबीत, चालताना पोट डुलायचं. "हे कावून आमच्याच दारात बसून रायते काय माहीत," प्रज्ञा म्हणाली. "कोणी पोळी टाकत नाही, काही नाही." सुखदेवभाऊ पेपरात तोंड घालून बसले होते.

दुपारी व्याख्यान. मी एक खेळ घेते नेहमी. दोघांना समोरासमोर उभं करायचं, दोघांच्या कपाळाला खडूची पूड फासायची. समोरच्याचं कपाळ दिसतं, स्वतःचं दिसत नाही. मी जाहीर करते, "तुमच्यापैकी निदान एकाच्या कपाळाला पूड आहे." आता गंमत बघा. मी काही नवं सांगितलेलं नाही, दोघांनाही समोर पूड दिसतेच आहे. पण माझं कपाळ स्वच्छ असतं, तर समोरचा माझं वाक्य ऐकताक्षणी म्हणाला असता, 'म्हणजे ती माझ्याच कपाळाला!' तो गप्प आहे. म्हणजे माझंही कपाळ पांढरं आहे. तो बोलला नाही म्हणून मला कळलं. पण तेही ताबडतोब नाही, थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

पुण्यात हा खेळ झकास होतो. अमरावतीत मी दोन मुलांना उभं केलं, पूड फासली आणि म्हटलं, "आता कोणी बोलायचं नाही." वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून हाळी आली, "अबे, तुह्या बी थोबाडाले लागली हाय ना बे!" हॉलभर हशा पिकला. दुसऱ्या जोडीला तेच. तिसऱ्या वेळी तर समोरच्या मुलानं रुमाल काढून दुसऱ्याचं कपाळ पुसूनच दिलं. "दिसून रायलं तं सांगू नाई का मॅडम?" त्याचा प्रश्न अगदी निरागस होता. एवढी वर्षं हा खेळ घेते आहे, तो असा धुळीला मिळालेला पाहिला नव्हता. मी जाम चिडले, आणि मग हसू आवरेना.

संध्याकाळी प्रज्ञा मला गिला वडा खायला घेऊन गेली. दह्यात बुडवलेला गार वडा, वरून चिंचेची चटणी आणि तिखट. आम्ही पुण्यात दहीवडा खातो तो बिचारा आजाऱ्याचं पथ्य वाटावा! मी दुसरी प्लेट सांगितली आणि तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, मी नाही म्हणून कळवणार आहे."

"का?" मी चमचा खाली ठेवून विचारलं.

"बाबांना चहासुद्धा करता येत नाही. आई होती तोवर पाण्याचा पेला हातात द्यायची. मी गेले तर उपाशी राहतील, आणि वर मला फोनवर सांगतील, मस्त जेवलो. त्यांना यातलं काही माहीत नाही आणि माहीत होऊही द्यायचं नाही. नकाराची मेल लिहून ठेवली आहे. रविवारी पाठवायची, संपलं. तुमी सांगू नका त्याइले. तुमाले माही शपथ हाय." चिडली की ही पुरती वऱ्हाडीवर येते.

मी वाट्टेल ते बोलले. अक्कल गहाण टाकली आहेस का, इथपर्यंत गेले. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "वडा गरम होऊन राहिला मॅडम." शपथ घेतली आणि वडा खाल्ला.

अकोला, शनिवार

सकाळी प्रज्ञाच्या घरी लवकर जाग आली ती करपल्याच्या वासानं. स्वयंपाकघरात गेले तर सुखदेवभाऊ कमरेला पंचा गुंडाळून पोळी लाटत उभे. मला पाहून त्यांनी लाटणं पाठीमागे लपवलं.

"बोंबलू नका मॅडम, पोट्टी उठन!"

ओट्यावरची पोळी काळी ठिक्कर पडली होती. त्यांनी ती खिडकीतून बाहेर सोडली आणि खाली आपल्या त्या गुबगुबीत मित्रानं ती वरच्यावर झेलली. मग त्यांनी मला चहा करून दिला. चांगला, आल्याचा. आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा प्रज्ञा कॉलेजात होती. "त्याले च्या पाजता आला नाई मले. पाणी देल्लं फकस्त. एवढी लाज वाटली म्हून सांगू! त्याले म्हनलं, उद्या ये, पोरगी भेटन, अन् मी घरी होतो हे बोलू नको." पोरगी जाणार हे त्यांना त्या दिवशी कळलं. कुठं, तेही कळायला वेळ लागला नाही. "तुमचाच आवाज. तुमी तिले फोनवर सांगा, हॉलंड असं, हॉलंड तसं. भिंतीतून आरपार येते मॅडम. आमच्या भोंग्याले हार नाई गेल्या तुमी."

आजन्म लोकांच्या गुपितांचं तर्कशास्त्र करणारी मी, आणि गुपित फोडलं माझ्याच घशानं.

"मग तिला सांगत का नाही, की मला माहीत आहे?"

"म्या 'जा' म्हनलं तं तिले वाटन, बाबा उगा छाती फुगवून राहिला. पह्यले हात बसू द्या. तिनं आपल्या तोंडानं सांगतलं का तिच्यासमोर सारा सैपाक करून दाखवतो, मंग बिनघोर जाईन थे." ती नकार लिहून बसली आहे, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. जाणार हे ते धरूनच चालले होते. "तुमी बोलू नका बरं. तुमाले शपथ हाय."

आणखी एक शपथ! मी चहाचा कप घेऊन मुकाट बाहेर आले आणि पायरीवर कुत्र्याशेजारी बसले. त्या घरात बोलायची मोकळीक असलेला तेवढा एकच जीव होता.

नऊच्या सुमारास मी आणि प्रज्ञा एसटीनं अकोल्याला निघालो. तिथंही माझं व्याख्यान होतं. वाटेत दोन्ही बाजूंना तुरी कापणीला आलेल्या, आणि वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या बोंडांतून उरलासुरला कापूस लोंबत होता. अशी काळी जमीन पाहिली की आम्हा मुरमाड मातीच्या लोकांना हेवा वाटतो. प्रज्ञा खिडकीशी बसून गुणगुणत होती. तोडून टाकायची गोष्ट एकदा ठरवली की माणसाला एक खोटा हलकेपणा येतो, तसली ती गुणगुण होती. मला तिचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण शपथ.

अकोल्यात जेवायला तिच्या आत्याकडे, सुमनबाईंकडे. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या, खणखणीत. पुण्यात पाहुण्याला आम्ही 'अजून घ्या ना' असं दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा झाकण लावतो. इथं विचारणं हा प्रकारच नाही. ताटात कळण्याची भाकर, जवसाची चटणी, ठेचा, झुणका, आणि हात आडवा धरला तर हातावर झुणका. "ताई, लाजून राहिल्या का भूक नाई? भूक नसन तं गोळी देतो," असं परिचारिकेच्या थाटात म्हणाल्या.

प्रज्ञा हात धुवायला मागे गेली आणि सुमनबाई माझ्या कानाशी आल्या. "हे पोट्टी फारेनले जाऊन राहिली ना?"

मी काहीच बोलले नाही.

"गप बसल्या म्हंजे खरं हाय. नसतं तं तुमी 'नाई' म्हनलं असतं." माझा व्याख्यानाचा विषय त्यांनी माझ्यावरच वापरला. "तिनं मले इचारलं, आत्या, जाड स्वेटर विणायले किती दिवस लागते? आता सांगा, अकोल्यात जाड स्वेटर कोण घालते? अन् माहा भाऊ रोज फोन करते. कणीक सैल झाली, काय करू. वांग्यात तिखट कवा टाकू. काल म्हने, हॉलंडात भात भेटते का. म्हंजे दोघंबी एकमेकापासून लपवून राहिले. येडे!"

"मग तुम्ही तरी बोला ना!"

"म्या तं ठरवलं हाय, हे गेली का अमरावतीले भावाजवळ जाऊन रायतो. एकटीनं इथं काय करू? पण आता बोलली तं दोघंबी म्हणतीन, काई गरज नाई. थे गेली का सामान घिऊन दारातच उभी रायतो. तुमी सांगू नका, शपथ हाय."

तिसरी शपथ. रोखठोक म्हणून ज्यांची ख्याती, पुण्याच्या कानाला ज्यांचं बोलणं दगडासारखं लागतं, त्या माणसांच्या घरात तिघांच्या तोंडाला तीन कुलपं, आणि किल्ल्या सगळ्या माझ्या ओटीत! समोरच्याच्या कपाळावरची पूड हॉलभर ओरडून सांगणारे हे लोक, काळजाजवळची गोष्ट आली की अस्सल पुणेकराला मागे टाकतात. मला हसावं की रडावं कळेना. दुपारचं व्याख्यान मी कसं दिलं, मला आठवत नाही.

तिवसा, रविवार

सुखदेवभाऊंचं तिवशाजवळ छोटं वावर आहे. रविवारी तिथं रोडगे करायचे ठरले होते, माझ्या मानासाठी. सुमनबाई पहाटेच्या गाडीनं अकोल्याहून येऊन थेट वावरात पोचल्या होत्या. भाऊही त्यांच्या मदतीला आधीच गेले होते. रात्री अमरावतीला परतलेल्या आम्ही दोघी ऊन वर आल्यावर गेलो.

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाड्या कणकेच्या पोळीवर पोळी ठेवून, तुपाचा हात लावून, त्याचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. आतपर्यंत भाजला की राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. वांग्याची भाजी अशी लालभडक, की बघूनच कानशिलं तापतात. मी एक रोडगा खाल्ला, पाणी मागितलं, आणि दुसरा घेतला. प्रज्ञा बोटं चाटत म्हणाली, "आत्या, भाजी आज फारच झकास झाली तुझी."

आत्यानं तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. सुखदेवभाऊ निखारे उकरत राहिले. मी भाऊंच्या हाताकडे पाहिलं. मनगटापर्यंत हळद होती.

प्रज्ञानं फोन काढला आणि उंच धरून पाहिला. "इथं रेंज नाही. परतताना स्टँडवर उरकते एक काम," असं माझ्याकडे बघत म्हणाली.

ती रेंज मिळेपर्यंतचा वेळ माझ्या हातात होता. मी राखेनं भरलेले हात झटकले. तीन शपथा होत्या. पण शपथ कशाची होती? एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, याची. ज्याला जे आधीच माहीत आहे तेवढंच त्याला सांगितलं, तर शपथ कुठं मोडली?

"माझ्या विषयातला एक खेळ घेऊ या," मी म्हणाले. "मी एक वाक्य बोलणार. ऐकून घ्या फक्त. इथं बसलेल्यांपैकी निदान एकाला हॉलंडचं माहीत आहे."

प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विश्वासघात केला. मग तिनं घाबरून बाबांकडे पाहिलं. ते आता विचारणार, 'कोनतं हॉलंड? काय भानगड हाय?' इथं कोणी काही अर्धवट बोललं की पुढचा क्षणही न जाऊ देता विचारतात. रिक्षावाल्यानंसुद्धा मला विचारलं होतं की तुमी एकट्या कावून फिरून राहिल्या, अन् घरचे कुठं हायत.

बाबांनी विचारलं नाही. ते निखारे उकरत राहिले.

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्याला तर शेजारणीच्या जावयाचा पगारसुद्धा विचारल्याशिवाय चैन पडत नाही. आत्या आभाळाकडे बघत होती.

पुण्यात हा खेळ या टप्प्यावर फसला असता. आमच्याकडची माणसं सभ्यपणानंच गप्प बसतात, त्यातून काही म्हणता काही कळत नाही. वऱ्हाडी माणूस गप्प बसला, की त्या गप्प बसण्याला कारण असतं. मी वेळ जाऊ दिला. प्रज्ञाच्या डोळ्यांत तर्काची एकेक पायरी उतरताना मला दिसत होती. विचारलं नाही, म्हणजे नवल वाटलं नाही. नवल वाटलं नाही, म्हणजे...

"बाबा," ती म्हणाली, "तुमाले माहीत हाय?"

सुखदेवभाऊंनी काडी खाली टाकली. "पोलीस आला तवापासून."

"अन् आत्या?"

"स्वेटरपासून," आत्या म्हणाली.

"मंग कोणी बोललं कावून नाही!" ती ओरडली. आणि मग तिलाच हुंदका फुटला. "बाबा, मी नाही म्हणून कळवून राहिली आज. तुमाले सोडून कशी जाऊ? कोण करन तुमचं?"

आता पांढरे पडायची पाळी बाबांची होती. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. ते उठून उभे राहिले, आणि त्यांचा तो स्टँडवरचा आवाज अख्ख्या वावरात घुमला. "नाई म्हनून? अवो, मंग म्या एवढ्या पोळ्या त्या कुत्र्याले चारल्या त्या कायले?"

"कुत्र्याले?"

"करपलेल्या! आता नाई करपत. हे भाजी कोनं केली? रोडगे कोनं केले? इचार आत्याले!"

"म्या हात बी लावला नाई," आत्या म्हणाली. "चाखली फकस्त. मीठ जराकसं कमी होतं, थे बी त्यानंच टाकलं."

प्रज्ञा ताटातल्या भाजीकडे बघत राहिली. मग बाबांच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांकडे. "म्हणून ते कुत्रं!" ती म्हणाली, आणि रडता रडता अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. बाबा पाणी आणायला धावले. पेला त्यांनी भरला आणि तिच्या हातात दिला. तिनं त्या पेल्याकडे पाहिलं, आणि पुन्हा रडायला लागली. मीही रडले. माझं तिखटामुळे होतं असं मी त्यांना सांगितलं.

"आता म्या बी सांगूनच टाकतो," सुमनबाई म्हणाल्या, "तू गेली का मी अमरावतीले येऊन रायतो."

"काही गरज नाई!" बाप-लेक एका सुरात म्हणाले.

"पाहा ताई," सुमनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगतलं होतं ना मी?" आणि तिघंही तावातावानं भांडायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या घरच्यांत वऱ्हाडी मोकळेपणानं बोललं जात होतं. मी तेवढ्यात तिसरा रोडगा उचलला.

उन्हं कलताना आम्ही चौघं तिवशाच्या स्टँडवर आलो. अमरावतीची गाडी यायची होती. बाकावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, दोन कॉलेजच्या मुली होत्या, एक जण पेपर वाचत होता. प्रज्ञाच्या फोनला रेंज आली. तिनं लिहून ठेवलेला नकार उघडला, आमच्या देखत पुसला, आणि उभ्या उभ्या नवं लिहिलं. मग फोन बाबांपुढे धरला.

"दाबा तुमी."

"म्या कायले? तू दाब. म्या माहं काम करतो."

तिनं बटण दाबलं. सुखदेवभाऊंनी शर्ट खाली ओढून नीट केला. भोंगा नव्हता, म्हणून हळदीचे दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! तिवसा, अमरावती मार्गे हॉलंडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. कुमारी प्रज्ञा सुखदेव यांनी आपली जागा... आपली जागा..." तिथं आवाज चिरकला. इतक्या वर्षांच्या नोकरीत नसेल चिरकला असा. पण त्यांनी घसा साफ केला आणि पुरं केलं. "...आपली जागा घ्यावी!"

पेपरवाल्यानं पेपर खाली केला. कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि बाकावरची म्हातारी पिशवी सावरत लगबगीनं उठली. "हे गाडी कौंडण्यपूरले थांबन का रे बाबू?"

सुखदेवभाऊंनी डोळे पुसले आणि लेकीकडे पाहिलं.

"नाई माय," ते म्हणाले. "तुह्यी मागून येते. हे थेट हाय."